कातड्याचं देणं

विनयपिटक या बौद्ध ग्रंथातल्या महावग्गाचा पाचवा भाग सगळाच्या सगळा चामड्याविषयी आहे. चम्मक्खंधक हे त्याचं नाव. भिक्खूंनी पायांत काय घालावं, कशावर बसावं, कुठलं कातडं वापरावं आणि कुठल्याला हात लावू नये, याची तिथे बारीक चर्चा आहे. सुरुवात होते चंपानगरीच्या सोण कोळिविस या श्रीमंत तरुणापासून. दीक्षा घेतल्यावर चंक्रमण, म्हणजे ध्यानाच्या येरझारा, करताना तो इतका चालला, की तळपाय फुटून वाट रक्ताने माखली. बुद्धांनी त्याला एका पदराच्या वहाणा घालायची परवानगी दिली. सोणाने ती एकट्यासाठी घ्यायला नकार दिला. ऐंशी गाड्या सोनं सोडून आलेला माणूस शेवटी वहाणांना भुलला, असं लोक म्हणतील, ही त्याची अडचण. मग ती परवानगी सगळ्या संघाला मिळाली, पण फक्त एका पदराच्या वहाणांची. अनेक पदरांच्या जाड तळाच्या वहाणा वर्ज्यच राहिल्या.

पुढे एकदा बुद्धांच्या मागून चालणारा एक भिक्खू लंगडत होता. वाटेत भेटलेल्या उपासकाने कारण विचारलं आणि पाय फुटल्याचं कळताच स्वतःच्या जाड वहाणा पुढे केल्या. भिक्खू म्हणाला, असल्या वहाणा आम्हाला चालत नाहीत. बुद्धांनी त्याला त्या घ्यायला सांगितलं आणि नियमाला पुरवणी जोडली: जाड वहाणा नव्या घ्यायच्या नाहीत, मात्र दुसऱ्याने वापरून उतरवलेल्या चालतील.

वहाणेचं कातडं तेच, पदर तेवढेच, सुखही तेवढंच. एका माणसाने ती काही दिवस पायांत घातली, एवढ्याने तिच्यातलं काय बदललं? ग्रंथ याचा खुलासा करत नाही, पण नियमाची दिशा स्पष्ट आहे. नव्या वस्तूच्या मागे कुणाची तरी मागणी उभी असते. वापरून उतरवलेली वहाण कुणीतरी आधीच मागून घेतलेली असते. ज्याचं कातडं तिच्यात आहे तो जीव जाऊन बराच काळ लोटलेला असतो. उरतो एकच प्रश्न: त्या कातड्याचं यापुढे काय करायचं?

हा प्रश्न आज जगभरातल्या जुन्या बुटांच्या चाहत्यांपुढे, त्यांना जाणवो वा न जाणवो, रोज उभा राहतो. लंडनच्या धर्मादाय दुकानांतून, अमेरिकेतल्या जुन्या बाजारांतून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे फॉर्मल बूट शोधायचे, ते स्वच्छ करायचे, तळ बदलून घ्यायचे आणि पुन्हा घालायचे, असा हा नाद. शिकागोच्या फ्लोरशाइम कंपनीचे जुने ‘इंपीरियल’ बूट शोधणारा माणूस बूट हातात येताच आधी उलटा करून टाच बघतो, कारण टाचेत बसवलेली इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची धातूची पट्टी ही त्या बुटांची खूण. नॉर्दॅम्प्टनचे बूट शोधणारा आतल्या अस्तरावरचे फिकट आकडे वाचतो.

इंग्लंडमधलं नॉर्दॅम्प्टन हे या जगाचं पंढरपूर. १६४२ साली आयर्लंडला जाणाऱ्या फौजेसाठी तिथल्या तेरा कारागिरांना ४,००० जोड बूट आणि ६०० जोड उंच बुटांची मागणी मिळाली होती. गावाची ख्याती तेव्हापासूनची. ट्रिकर्स १८२९ मधली, चर्च १८७३ मधली, क्रॉकेट अँड जोन्स १८७९ मधली, एडवर्ड ग्रीन १८९० मधली. या पेढ्यांचे बूट टिकतात याचं कारण त्यांच्या बांधणीत आहे. बुटाचा वरचा भाग कलबुतावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, ताणून बसवतात. त्याच्या खालच्या कडेला वेल्ट नावाची कातड्याची अरुंद पट्टी शिवतात. हा टाका वरचा भाग, आतला तळ आणि पट्टी यांना एकत्र बांधतो. बाहेरचा तळ मात्र या पट्टीलाच शिवलेला असतो. मधल्या पोकळीत बुचाचा भुगा भरतात. हाताने हे काम युरोपात काही शतकं चालूच होतं. १८७० च्या दशकात चार्ल्स गुडइयर ज्युनिअरने ते यंत्रावर आणलं. रबर टिकाऊ करणाऱ्या गुडइयरचा हा मुलगा.

या रचनेत एक तत्त्वज्ञान आहे आणि ते मुद्दाम घातलेलं आहे. तळ झिजणार, हे बनवणाऱ्याला पहिल्याच दिवशी ठाऊक असतं. म्हणून तो तळ अशा जागी शिवतो, की बाहेरचा टाका कापला की तळ सुटावा आणि वरच्या कातड्याला धक्काही लागू नये. नाशवंतपणाला नकार देऊन बनवलेल्या वस्तू पुष्कळ असतात. नाशवंतपणा मान्य करून, त्याला ठरावीक जागा नेमून देऊन बनवलेली वस्तू विरळा. याउलट आजच्या बहुतेक स्वस्त बुटांचे तळ साच्यात ओतून नाहीतर डिंकाने चिकटवून बसवलेले असतात. त्यांतले पॉलियुरेथेनचे तळ तर बूट कपाटात नुसता पडून राहिला तरी हवेतल्या ओलाव्याने काही वर्षांत भुगा होतात. तिथे दुरुस्तीचा विचार बनवतानाच पुसून टाकलेला असतो.

तीनदा तळ बदललेला, दोनदा टाच बदललेला, एकदा वेल्टही बदललेला बूट तोच राहतो का? ग्रीकांनी हा प्रश्न थिसिअसच्या जहाजाविषयी विचारला; एकेक कुजलेली फळी बदलत अथेन्सने ते जहाज जपलं आणि तत्त्वज्ञ त्यावर वाद घालत राहिले, असं प्लूटार्क सांगतो. आपल्याकडे हा वाद जास्त टोकदारपणे झाला. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवांपासून बनलेला अवयवी ही स्वतंत्र वस्तू आहे. वस्त्रातून एक धागा काढला की जुनं वस्त्र नष्ट झालं आणि उरलेल्या धाग्यांचं नवं वस्त्र जन्माला आलं, इथपर्यंत ते जातात. त्यांच्या हिशेबाने तळ बदलून आणलेला बूट हा नवाच बूट. मिलिंद राजाशी बोलताना बौद्ध भिक्खू नागसेन मात्र रथाचं चाक, आस, जू यांतल्या एकेकाला हात घालून विचारतो की रथ नेमका कुठे आहे, आणि रथ हे त्या जुळणीला व्यवहारापुरतं दिलेलं नाव आहे, असं राजाकडूनच कबूल करून घेतो. रात्रभर जळणारी ज्योत पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तीच असते की वेगळी, या प्रश्नावर त्याचं म्हणणं असं, की तीच नाही आणि वेगळीही नाही.

बूट दुरुस्त करणाऱ्यांचं उत्तर या दोघांच्या मधलं आहे आणि ते अनुभवातून आलेलं आहे. तळ कितीही वेळा बदला, वेल्टही बदला. वरचं कातडं आणि आतला तळ शाबूत असेल तोवर बूट जिवंत. ते दोन गेले की संपलं. या उत्तरात एक गोष्ट नागसेनाच्या बाजूची आहे. जुन्या बुटाच्या आतल्या तळावर पहिल्या मालकाच्या पावलाचा खोलगट ठसा असतो: बोटांच्या पाच खळ्या, टाचेचा वाडगा. तळ बदलताना दबलेला बुचाचा भुगा खरवडून काढतात आणि नवा भरतात. मग काही आठवडे नव्या मालकाचं पाऊल त्या भुग्याला स्वतःचा आकार देत राहतं. जुना ठसा पूर्ण पुसला जात नाही, नवा पूर्ण उमटत नाही. एकाचं संपलं कुठे आणि दुसऱ्याचं सुरू झालं कुठे, ही रेघ तिथे काढताच येत नाही.

अशा ठशातून माणूस वाचण्याचा मोह विद्वानांनाही आवरला नाही. १८८६ साली पॅरिसमध्ये व्हॅन गॉगने एका जुन्या बुटांच्या जोडीचं चित्र काढलं. हायडेगर या तत्त्वज्ञाने त्यात शेतकरीण पाहिली, तिची चिखलातली वाटचाल आणि भाकरीची चिंता पाहिली. १९६८ साली मायर शापिरो या कला-इतिहासकाराने त्याला खोडून काढलं: बूट चित्रकाराचे स्वतःचे, शहरी माणसाचे. व्हॅन गॉगच्या एका सहाध्यायाची आठवण मात्र अशी, की त्याने जुन्या बाजारातून एका कामकऱ्याचे बूट विकत घेतले होते आणि ते चितारण्याजोगे व्हावेत म्हणून पावसात घालून तो चिखलातून हिंडला होता. ही आठवण त्याच चित्राची असेल, तर बूट दोघांचेही होते. जुने बूट घालणाऱ्या प्रत्येकाची हीच स्थिती असते.

आता त्या जिवाकडे यायला हवं. चम्मक्खंधकातच एक भयंकर गोष्ट आहे. एका लोभी भिक्खूला उपासकाच्या घरी बांधलेलं गोजिरं वासरू दिसतं. तो त्याच्याकडे टक लावून पाहत राहतो. उपासकाने विचारल्यावर सांगतो, या वासराच्या कातड्याचा मला उपयोग आहे. उपासक वासरू मारून कातडं त्याच्या हवाली करतो. भिक्खू ते चीवराखाली झाकून निघतो, आणि गाय वासराच्या ओढीने त्याच्या मागोमाग चालू लागते. ती तुझ्या मागे का येते, असं इतर भिक्खू विचारतात. चीवराला लागलेलं रक्त त्यांना दिसतं. त्यानंतर गाईच्या कातड्याला बंदी येते.

उत्तम फॉर्मल बुटाचं कातडं बहुतेक वेळा वासराचंच असतं, हे इथे लपवून चालणार नाही. मऊ, बारीक रंध्रांचं, सुरकुती न धरणारं ‘काफ’ हेच या बुटांचं वैभव. शेल कॉर्डोव्हन हे त्याहून दुर्मीळ. ते घोड्याच्या पुठ्ठ्यावर कातडीखाली असलेल्या दाट तंतूंच्या थराचं. शिकागोची हॉरवीन टॅनरी, १९०५ साली स्थापन झालेली, हे कातडं तयार करायला किमान सहा महिने घेते आणि एका घोड्यापासून असे दोनच तुकडे मिळतात. जनावरं मुख्यतः मांसासाठी मारली जातात आणि कातडं हा त्याचा उरलेला भाग, असा बचाव नेहमी केला जातो. तो खोटा नाही, पण पुरेसाही नाही. कातड्याला किंमत येते तेवढी मारणाऱ्याच्या हिशेबात भरच पडते.

कातडं कमावणं म्हणजे मृत्यूनंतर सुरू होणाऱ्या कुजण्याला मधेच थांबवणं. कातडीतल्या कोलॅजनच्या तंतूंमध्ये झाडाच्या सालीतलं टॅनिन शिरतं, तंतूंना घट्ट बांधतं आणि मग जिवाणूंना ते पचवता येत नाहीत. इंग्लंडच्या डेव्हनमधली बेकर टॅनरी अजून ओकच्या सालीत तळाचं कातडं महिनोन्‌महिने भिजत ठेवते. कोल्हापुरीसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. हा हिरडा एकेकाळी इंग्लंडच्या टॅनऱ्यांनाही जात असे आणि तिथल्या व्यापारात त्याच्या प्रती गावांच्या नावांनी ओळखल्या जात. त्यांतली एक वेंगुर्ल्याच्या नावाने होती. तेव्हा नॉर्दॅम्प्टनच्या एखाद्या शंभर वर्षं जुन्या बुटाच्या तळात सह्याद्रीच्या झाडाचा अंश असणं अगदी शक्य आहे.

असं थांबवलेलं कातडं किती टिकतं, याचं थक्क करणारं उदाहरण प्लिमथजवळच्या समुद्रात सापडलं. १० डिसेंबर १७८६ रोजी ‘मेटा कॅथरिना’ हे जहाज वादळात बुडालं. सेंट पीटर्सबर्गहून जिनोआला रेनडियरची कमावलेली कातडी आणि हेम्प घेऊन ते निघालं होतं. १९७३ मध्ये पाणबुड्यांना त्याची घंटा सापडली आणि चिखलाखाली कातड्यांचे गठ्ठे. विलोच्या सालीने कमावून बर्चचं तेल पाजलेली ती कातडी जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही वापरण्याजोगी होती. लंडनच्या कारागिरांनी त्यांचे बूट केले. अठराव्या शतकात मेलेल्या जनावराचं कातडं विसाव्या शतकात चालू लागलं.

जुन्या बुटांची निगा राखणं हा या थांबवण्याचाच पुढचा भाग, आणि त्याचा तपशील सांगण्यासारखा आहे. पहिल्यांदा धूळ झाडायची, तीही घोड्याच्या केसांच्या ब्रशने, कारण तो ओरखडत नाही. मग ओलसर फडक्याने वर्षानुवर्षांचे मेणाचे थर सौम्य क्लीनर लावून उतरवायचे. त्या थरांखालचं कातडं बहुधा तहानलेलं निघतं; तंतूंमधली चरबी उडून गेलेली असते आणि बूट वाकला की तंतू एकमेकांवर कोरडे घासतात. कंडिशनर लावलं की ते डोळ्यांदेखत शोषलं जातं. इथे उतावीळ माणूस चूक करतो. तेल जास्त झालं की कातडं पोचट होतं, आकार सोडतं, रंग काळवंडतो आणि ते परत काढता येत नाही. रात्रभर थांबायचं, सकाळी हाताला काय लागतं ते पाहायचं, गरज असेल तरच पुन्हा द्यायचं. रक्ताळलेल्या पायांच्या त्या सोणालाच बुद्धांनी वीणेच्या तारांविषयी विचारलं होतं: फार ताणल्या तर वाजतात का, फार सैल सोडल्या तर वाजतात का? सोण गृहस्थाश्रमात वीणा वाजवत असे, त्यामुळे उत्तर त्याला ठाऊक होतं. जुनं कातडं हाताळणाऱ्यालाही ते बोटांतूनच शिकावं लागतं.

नंतर रंगाची क्रीम, पुन्हा ब्रश, मग मेण. शेल कॉर्डोव्हनच्या वळ्यांवर हरणाचं गुळगुळीत हाड दाबून फिरवतात. आतल्या तंतूंवर उठलेला खडबडीतपणा त्याने बसतो आणि चकाकी परत येते. बुटांत देवदाराचे लाकडी साचे घालून ठेवतात, म्हणजे घामाचा ओलावा शोषला जातो आणि आकार सुटत नाही. लागोपाठ दोन दिवस एकच जोड घालत नाहीत. चवड्यावर मेणाचे पातळ थर पाण्याच्या थेंबाबरोबर चढवून आरशासारखी चमक आणणारे पुष्कळ आहेत. ते कौशल्य मोठं आहे, पण खरी पारख त्या आरशाशी संपत नाही. कातड्याचा पोत, प्रत्येक इंचात बसवलेले टाके, कलबुताने दिलेला कमरेचा बाक, हे सगळं ज्या चमकेखाली झाकलं जातं ती चमक बुटाची उरत नाही, चमकवणाऱ्याची होते.

आणि काही बूट वाचत नाहीत. पाऊल जिथे वाकतं तिथे कातड्याला आरपार चीर गेली असेल, तर तंतू तुटलेले असतात. कुठलंही तेल ते सांधत नाही. चीर भरून, रंगवून विकणारे असतात. दहाव्या दिवशी ती पुन्हा उघडते. अशा ठिकाणी उघड ठिगळ हाच प्रामाणिक मार्ग. ब्रिटनचे राजे चार्ल्स यांचे ठिगळ लावलेले बूट अनेक छायाचित्रांत दिसतात. ठिगळ दिसतं, आणि दिसलं पाहिजे.

कातड्याच्या देण्याचा विचार भारतात सर्वांत टोकाला नेला तो बाराव्या शतकातल्या कल्याणच्या शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या शिवभक्त अनुयायांनी. आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, महाराष्ट्राच्या सीमेलगतचं. चर्मकार हरळय्याने रस्त्यात बसवण्णांना एकदा ‘शरणु’ म्हटलं, बसवण्णांनी उत्तरात ‘शरणु शरणार्थी’ म्हटलं. आपल्या एका नमस्काराला दोन परत आले, हे जास्तीचं देणं कसं फेडायचं, या विचाराने हरळय्या अस्वस्थ झाला. शेवटी त्याने आणि पत्नी कल्याणम्माने स्वतःच्या मांड्यांचं कातडं काढून त्याचे जोडे शिवले आणि बसवण्णांपुढे ठेवले. बसवण्णांनी ते पायांत घातले नाहीत, डोक्यावर घेतले. परंपरा ही कथा अशी सांगते. पुढे हरळय्याच्या मुलाचं लग्न ब्राह्मण असलेल्या मधुवरसाच्या मुलीशी झालं आणि बिज्जल राजाने दोन्ही बापांना देहान्ताची शिक्षा दिली. कातडं कमावणाऱ्या ढोर कक्कय्या समाजाचं दैवत असलेले कक्कय्या हेही याच शरणांपैकी.

हरळय्याच्या कथेत एक गोष्ट स्पष्टपणे बोलली जाते, जी एरवी बोलली जात नाही: प्रत्येक जोडा कुणाच्या तरी कातड्याचा असतो. जनावराचं कातडं असेल तेव्हा ही जाणीव बोथट होते. माणसाचं आल्यावर ती धारदार होते. म्हणून बसवण्णांना तो जोडा घालवला नाही.

पण डोक्यावर घेणं हा आदराचा एकच प्रकार आहे, आणि आपल्या परंपरेने त्यावर फार भर दिला. भरताने पादुका सिंहासनावर ठेवल्या. आळंदी-देहूच्या पालख्या पादुका घेऊन चालतात. पादुका त्या पूजेच्याच असतात, त्यांच्याविषयी तक्रार नाही. मात्र पायांत घालण्यासाठी केलेला जोडा पायांत घालणं हाही आदर आहे, याचं सुंदर उदाहरण दक्षिण आफ्रिकेत घडलं. हर्मन कॅलनबाख मेरियनहिलच्या ट्रॅपिस्ट मठातून वहाणा करायला शिकून आले आणि त्यांच्याकडून ते काम गांधीजींनी टॉलस्टॉय फार्मवर शिकून घेतलं. १९१४ मध्ये आफ्रिका सोडताना त्यांनी तुरुंगात केलेला वहाणांचा जोड जनरल स्मट्‌स यांना दिला. ज्यांनी तुरुंगात टाकलं त्यांनाच. १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्तच्या ग्रंथात स्मट्‌स यांनी लिहिलं, की त्या वहाणा त्यांनी अनेक उन्हाळे वापरल्या, जरी त्या पायांत घालण्याची आपली योग्यता नाही असं त्यांना वाटत होतं. योग्यता नाही म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी त्या घातल्या, झिजवल्या. न घातलेले जुने बूट काचेच्या कपाटात ठेवून त्यांची किंमत वाढण्याची वाट पाहणाऱ्यांपेक्षा स्मट्‌स यांचं वागणं त्या कातड्याशी अधिक न्यायाचं होतं.

गांधीजींनी पुढे वर्ध्याजवळ नालवाडीच्या चर्मालयाला बळ दिलं. गोपाळराव वाळुंजकर ते चालवत. तत्त्व असं, की कत्तल केलेल्या जनावराचं कातडं घ्यायचं नाही. आपोआप मेलेल्याचंच घ्यायचं, आणि त्याचं हाड, मांस, शिंग काहीही वाया घालवायचं नाही. मारणाऱ्याच्या हिशेबात भर न घालता कातडं वापरण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. पण मेलेलं जनावर गावातून ओढून न्यायचं कुणी, सोलायचं कुणी? १९२७ च्या महाड परिषदेपासून आंबेडकरी चळवळीने या कामाला नकार दिला आणि त्यापायी गावोगावच्या लोकांनी बहिष्कार सोसले. त्या नकारापुढे नालवाडीचं तत्त्व अपुरं पडतं, हे मान्य करावंच लागेल. जनावराची हिंसा टाळली तरी जन्माने एका जातीच्या हातात सुरी देणारी व्यवस्था तशीच राहते. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर फटके मारले गेले. त्या कातड्यात कुठल्याही जनावराची कत्तल नव्हती.

म्हणून जुन्या बुटाची पारख करताना नजर कातड्यावर आणि टाक्यांवर थांबली तर ती अर्धवट राहते. चर्च ही नॉर्दॅम्प्टनची पेढी १९९९ मध्ये प्राडाने विकत घेतली. त्याच प्राडाने जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या तेव्हा सुरुवातीला कोल्हापूरचं नाव नव्हतं. ओरड झाल्यावर भारतीय मूळ मान्य करण्यात आलं. नॉर्दॅम्प्टनच्या कारागिरीचं नाव बुटाच्या अस्तरावर सोनेरी अक्षरांत छापतात. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरीच्या कारागिराला तेच नाव मागून घ्यावं लागतं.

दुरुस्ती करणाऱ्याची पायरी बनवणाऱ्याहूनही खालची मानली गेली, आणि ही उतरंड फक्त इथलीच नव्हती. नॉर्दॅम्प्टनशायरमध्ये १७६१ साली जन्मलेला विल्यम कॅरी पोरवयात बुटांच्या कारागिराकडे उमेदवारीला लागला. कामाच्या खोलीत भिंतीवर त्याने जगाचा नकाशा चिकटवला होता. १७९३ मध्ये तो धर्मप्रचारासाठी बंगालात आला आणि श्रीरामपूरला स्थिरावला. फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठी शिकवू लागला आणि वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये त्याने मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये मोडी लिपीतले शब्द असलेला कोश. मराठीचं हे सुरुवातीच्या काळातलं छापील व्याकरण अशा रीतीने बुटांच्या गावाजवळच्या एका चर्मकाराच्या हातून आलं. एकदा गव्हर्नर जनरलकडच्या जेवणात कुणा अधिकाऱ्याने टोचण्यासाठी विचारलं, की हे कॅरी पूर्वी बूट बनवत होते ना? कॅरींनी मोकळेपणाने सांगितलं, की बनवत नव्हतो, फक्त जुने दुरुस्त करत होतो. हा प्रसंग नेहमी त्यांच्या नम्रतेचा म्हणून सांगितला जातो. त्यात नम्रता आहेच, पण त्याहून जास्त त्या कामाचा अभिमान आहे. ज्याची लाज वाटायला हवी असं समोरच्याला वाटत होतं, ते कॅरींनी स्वतःहून आणखी एक पायरी खाली उतरून उच्चारलं.

महाराष्ट्रात रस्त्याकडेला बसणाऱ्या अशा कारागिराला सरकारी भाषेत गटई कामगार म्हणतात. समाजकल्याण खात्याची त्यांना पत्र्याचे स्टॉल देण्याची योजना आहे. संत रोहिदासांच्या नावाचं महामंडळ कर्ज आणि प्रशिक्षण देतं. गटई कामगाराच्या पेटीत रापी असते, आरी असते, मेण लावलेला दोरा असतो, लोखंडी ऐरण असते. हाताने वेल्ट शिवायला लागणारी मूळ हत्यारं जवळपास हीच. यंत्र येण्यापूर्वी युरोपातला कारागीर याच हत्यारांनी तळ बदलत होता. अडचण कौशल्याची कमी आणि वस्तूची जास्त आहे. त्याच्यापुढे दिवसभर येतात ते साच्यात ओतलेल्या तळाचे, शिवायला जागाच नसलेले बूट, आणि ते चिकटवण्यापलीकडे त्याला काही करता येत नाही. चांगला शिवलेला जुना जोड घेऊन येणारं गिऱ्हाईक आलंच, तर ते बहुधा पहिलं वाक्य बोलतं, ‘किती घेणार?’ काम नीट व्हायला किती दिवस लागतील, असं विचारणारं गिऱ्हाईक त्याला अजून क्वचितच भेटतं, आणि त्या दिवसांची मजुरी न घासाघीस करता देणारं त्याहून क्वचित.